रमाबाई रानडे आणि परिचारिकांचे शिक्षण

मुलीला परिचारिकेचे शिक्षण द्यावे काय, असे जयपुरातील पालक आजही मला संकोचाने विचारतात. तेव्हा रमाबाई रानडे आठवतात. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही कन्या १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली, ती निरक्षर. पतीने शिकविले, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष तिने मुकाट्याने सोसला. वैधव्यानंतर, १९०९ मध्ये, रमाबाईंनी देवधरांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभारले आणि ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय करविली. कुलीन विधवेने परपुरुषाची शुश्रूषा करावी, हे समाजाला साहवेना. रमाबाई मागे हटल्या नाहीत. १९२४ साली त्या निवर्तल्या. पुढे २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या पाहणीत आढळले, की पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक, तेथे शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी कमी.