तराजूचा माणूस : आंत्वान लॅव्हाझिए

रासायनिक समीकरण जुळेना, की विद्यार्थी रेणुसूत्रातील अंकच बदलून टाकतो, हा आम्हां शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू वाढवला, तर कागदावरचा हिशेब कदाचित जुळेल. परंतु पाणी पाणी न राहता हायड्रोजन पेरॉक्साइड होईल. सूत्रास हात लावायचा नाही, रेणूंची संख्या तेवढी बदलायची, या शिस्तीमागे एका माणसाचे आयुष्य उभे आहे.

आंत्वान लॅव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे झाला. वडील वकील होते. मुलानेही कायद्याचे शिक्षण घेतले, परंतु त्यांचे मन रमले ते विज्ञानात. पाणी सतत उकळल्यास त्याची माती होते, असा त्या काळी समज होता. लॅव्हाझिए यांनी बंद काचपात्रात १०१ दिवस पाणी तापवले आणि आधी व नंतर सर्व काही तोलले. एकूण वजन तेच राहिले. तळाशी साचलेली ‘माती’ काचेतूनच झिजून आलेली होती.

पुढे त्यांनी पारा हवेत १२ दिवस तापवला. लाल भस्म झाले आणि पात्रातील हवा घटली. तेच भस्म अधिक तापवताच वायू परत मिळाला. हा वायू प्रिस्टली व शेले यांनी आधीच वेगळा केला होता. त्यास ऑक्सिजन हे नाव देऊन ज्वलनाचा खरा अर्थ सांगितला तो लॅव्हाझिए यांनी. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात, क्रियेपूर्वी जेवढे द्रव्य तेवढेच क्रियेनंतर, हे तत्त्व स्पष्टपणे मांडले आहे. त्यातील आकृत्या पत्नी मारी-अ‍ॅन यांनी रेखाटल्या. इंग्रजी ग्रंथांचे भाषांतरही त्याच करून देत.

आजची चिन्हे नंतर बर्झेलियस यांनी दिली, पण हिशेब तोच आहे. मर्क्युरिक ऑक्साइडच्या एका रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो, तर वायूच्या रेणूत दोन. म्हणून डावीकडे दोन रेणू घ्यावेत. मग उजवीकडे पाऱ्याचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू येतो. मोठ्या समीकरणात प्रत्येक बाजूस एकाच सूत्रात येणारे मूलद्रव्य प्रथम जुळवावे, सुटे मूलद्रव्य शेवटी, आणि अखेरीस सर्व अणू पुन्हा मोजावेत.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस एक गोष्ट वगळता येत नाही. लॅव्हाझिए हे राजाच्या करवसुलीचे मक्तेदार होते. त्यांचे महागडे, सूक्ष्म तराजू त्या मक्त्याच्या उत्पन्नातून आले, आणि त्या वसुलीत गरिबाच्या मिठावरील करही होता. क्रांतीनंतर जनतेचा रोष मक्तेदारांवर उसळला. ८ मे १७९४ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, सासऱ्यांसह त्यांचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. ती शिक्षा न्याय्य होती असे आम्ही म्हणत नाही. पण त्या मिठाचा पैसाही हिशेबाबाहेर ठेवता येत नाही.

आमच्या मुलांनी समीकरण सोडवताना हे स्मरावे. उत्तर जुळत नसेल तर सूत्र बदलू नये; काय मोजायचे राहिले, ते शोधावे.