मतभेदाचे संपादन : गोपाळ गणेश आगरकर

मराठी निबंधाच्या इतिहासात गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांचे स्थान बुद्धिवादी निबंधकार म्हणून निश्चित झालेले आहे. तथापि विरोधी मतासाठी स्वतंत्र व्यासपीठ उभारणारे संपादक या दृष्टीने त्यांच्या चरित्राचा विचार तुलनेने कमी झाला आहे.

कऱ्हाडजवळील टेंभू येथे दारिद्र्यात जन्मलेले आगरकर १८८१ मध्ये ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये त्यांनी व टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ज्या जोतीराव फुल्यांवर चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून कठोर टीका केली होती, त्यांच्याच पुढाकाराने या खटल्यात जामिनाची सोय झाली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

राजकीय प्रश्नांवर बव्हंशी एकमत असलेले ‘केसरी’चे चालक सामाजिक सुधारणेबाबत मात्र दुभंगलेले होते. पत्राचे मत ते सर्व चालकांचे मत मानले जाई. त्यामुळे संपादक असूनही आगरकरांची लेखणी बांधली गेली. १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी भागाची धुरा गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. या लेखनाची किंमतही आगरकरांना मोजावी लागली. सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढली.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर ‘केसरी’ने विरोधाची, तर ‘सुधारक’ने समर्थनाची बाजू मांडली. परिणामी वाचकाला एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू मराठीतूनच पारखता आल्या. प्रतिपक्ष समोर असल्याने कोणालाही केवळ विधान करून थांबता येईना. कारणे द्यावी लागली. मराठी वैचारिक गद्याला लाभलेल्या तर्कशुद्धतेचे एक मूळ या संघर्षात शोधता येते.

परंतु ही दोन्ही पत्रे मुख्यतः पुण्याच्या उच्चवर्णीय सुशिक्षितांतून निघालेली होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीनबंधू’तून सत्यशोधकांचा तिसरा स्वर त्याआधीपासूनच उमटत होता. या कालखंडाचा अभ्यास ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या वादापुरताच मर्यादित ठेवल्यास दोन बाजू ऐकल्याचे समाधान मिळते, पण वाद पूर्ण ऐकलेला नसतो. विरोधी मत ऐकले जावे यासाठी आगरकरांनी प्रतिष्ठेचे संपादकपद सोडले; त्यांच्या अभ्यासकानेही हाच निकष स्वतःच्या साधननिवडीस लावणे अगत्याचे ठरते.