डॉ. शांतिस्वरूप भटनागर : प्रयोगशाळेतील साहाय्यक ते बनारसचे प्राध्यापक

स्वतंत्र भारतातील राष्ट्रीय प्रयोगशाळांचे शिल्पकार म्हणून डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र त्यांच्या कार्याचा आरंभ डेमॉन्स्ट्रेटरच्या, म्हणजे विद्यार्थ्यांना प्रयोग करून दाखविणाऱ्या साहाय्यकाच्या नोकरीने झाला, आणि प्राध्यापकपदाचा पहिला मान त्यांना वाराणसीत लाभला.

भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या भेरा या गावी झाला. ते आठ महिन्यांचे असतानाच पितृछत्र हरपले. अभियंता असलेल्या मातामहांच्या घरी ते वाढले आणि यंत्रांची गोडी त्यांना तेथेच लागली. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयातून १९१६ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी तेथे आणि पुढे दयालसिंग महाविद्यालयात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून काम केले. १९१९ मध्ये ते रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले.

त्यानंतर दयालसिंग महाविद्यालयाच्या न्यासाने त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. त्यांना अमेरिकेला जायचे होते. परंतु महायुद्धानंतर मायदेशी परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांमुळे जहाजात जागा मिळेना. ते लंडनमध्येच राहिले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रा. डोनन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९२१ मध्ये त्यांनी डी.एस्सी. ही पदवी संपादन केली.

त्याच वर्षी मायदेशी परतून ते काशी हिंदू विश्वविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी उभारलेले हे विद्यापीठ तेव्हा अवघ्या पाच वर्षांचे होते. येथील तीन वर्षांत त्यांनी अध्यापन आणि संशोधन केले. विद्यापीठाचे हिंदी कुलगीत ही त्यांचीच रचना असून ते आजही तेथे गायिले जाते.

१९२४ मध्ये ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात गेले. तेथे असताना एका तेल कंपनीने त्यांच्याकडे आपली अडचण मांडली. विहीर खोदताना वापरला जाणारा चिखल खाऱ्या पाण्याच्या संपर्काने घट्ट होऊन काम थांबत असे. चिखलात डिंक मिसळण्याचा त्यांचा साधा उपाय यशस्वी ठरला. त्याबद्दल कंपनीने संशोधनासाठी देऊ केलेले दीड लाख रुपये त्यांनी विद्यापीठाकडे वळविले. या रकमेतून तेथे पेट्रोलियम संशोधनाची सोय झाली आणि तरुण संशोधकांना काम करण्याची संधी मिळाली.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे ते पहिले महासंचालक होते. ३ जानेवारी १९५० रोजी पुण्यात उद्घाटन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा याच परिषदेची होय. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. १ जानेवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ पासून भारतीय शास्त्रज्ञांना देण्यात येऊ लागला. नव्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांतही तरुण शास्त्रज्ञांच्या सन्मानाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. इतरांच्या प्रयोगांची मांडामांड करण्यापासून ज्यांनी सुरुवात केली, त्यांनी उभारलेल्या प्रयोगशाळांत आज हजारो संशोधक काम करीत आहेत.