इमाम गझालींचे मौन

इमाम गझालींचे नाव आपण अदबीने घेतो; परंतु ऐन सदतिसाव्या वर्षी त्यांची वाचा बंद पडली होती, हे मुलांना क्वचितच सांगतो. इ. स. १०५८ मध्ये खुरासानातील तूस येथे जन्मलेला, लहानपणीच पित्याला मुकलेला हा मुलगा १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशाचा मुख्य अध्यापक झाला. समोर तीनशे विद्यार्थी बसत. १०९५ मध्ये मनात असे काहूर माजले की, शिकवावयास बसावे तर शब्द फुटेना, अन्नपाणी घशाखाली उतरेना. (मीही शिक्षक, जवळपास त्याच वयाचा, वाचताना अंगावर काटा आला.) दुखणे मनाचे आहे, असे सांगून हकिमांनी हात टेकले. आपण असे दुखणे चारचौघांत लपवितो. इमामसाहेबांनी ते आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे.

पद सोडून, धन वाटून ते दमास्कस व जेरुसलेम येथे एकांतात, जिक्रात राहिले. त्यानंतरच्या 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात समाविषयी, म्हणजे संगीतश्रवणाविषयी, स्वतंत्र प्रकरण आहे. पाळण्यातले मूल गोड आवाजाने निवते, हाकणाऱ्याच्या गाण्याने उंटाला ओझे हलके वाटते, हे दाखले त्यातलेच. सूर मनात नवे काही घालीत नाही, असलेलेच ढवळून वर आणतो. म्हणून अल्लाहच्या ओढीने व्याकुळ झालेल्यास तो हितकर, वासनेने भरलेल्यास घातक, असा त्यांचा निवाडा. मद्यपींच्या मैफलीतील वाद्ये त्यांनी वर्ज्यच मानली.

११०६ मध्ये निशापूरच्या मदरशात ते पुन्हा शिकवू लागले. ११११ मध्ये तूस येथेच त्यांचा इंतकाल झाला.