परदेशी पदवी आणि कोकणचे कूळ

मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईहून येणाऱ्या लाँचा लागतात. २०२० पासून मोटारींसकट माणसे उतरविणारी रो-रो बोटही येते. या किनाऱ्यावर जमीन आता गुंठ्याच्या भावाने बोलली जाते. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात कसणाऱ्याचे नाव जमिनीला कसे लागले, याची आठवण मात्र या व्यवहारात क्वचितच निघते. त्या इतिहासात न्यूयॉर्क आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकलेल्या डॉ. भीमराव आंबेडकरांना मोठे स्थान आहे.

१९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. ज्या शहरात त्यांची जात कोणी विचारीत नव्हते, तेथे ती विसरून जाणे सोपे होते. त्यांनी मे १९१६ मध्ये तिथल्याच एका चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. दूर गेल्यामुळे आपले दुःख विसरावयाचे नसून ते अधिक स्पष्ट पाहावयाचे, असा हा निर्णय होता.

१९१७ साली ते परतले. त्यांचे ग्रंथ ज्या बोटीने येत होते ती युद्धात बुडविली गेली. पुढे बडोद्यात जे घडले ते याहून कठोर होते. कचेरीतील शिपाई त्यांच्या हाती कागद देण्याऐवजी दुरून टाकीत आणि राहत्या पारशी विश्रामगृहातून त्यांना हुसकावून लावण्यात आले. पदवीने माणसाची किंमत वाढते हे अर्थशास्त्राचे गृहीत तेथे खोटे ठरले.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ साली ते प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी भारतातील लहान शेतांच्या प्रश्नावर लिहिलेला निबंध आजही वाचण्यासारखा आहे. विखुरलेले तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असे त्या वेळी अनेक जाणकार सांगत होते. आंबेडकरांनी प्रश्नच उलटा केला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्यावर राबणारे हात आणि लागणारे भांडवल यांच्या प्रमाणावर ठरते. भांडवल तुटपुंजे आणि हात जास्त, ही खरी अडचण. म्हणून जादा हातांना उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे. पुस्तके विलायती होती, पण हिशेब इथल्या शेतकऱ्याचा होता.

पगारातून पैसे साठवून आणि काही मदत मिळवून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. ब्रिटिश चलननीतीवरील टीका बोचली होती. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलला नाही. १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा प्राध्यापक एडविन कॅनन यांनी आपले मतभेद नोंदवूनच त्याला प्रस्तावना लिहिली. गुरूला हे औदार्य शोभले आणि शिष्याला तो ताठपणा.

त्यांच्या सूट-टायची चर्चा पुष्कळ झाली. तो पोशाख अंगावर ठेवून ते कोठे गेले, हे पाहणे अधिक उपयोगाचे. १९२७ साली ते याच जिल्ह्यातील महाडच्या तळ्यावर गेले. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला खोत साऱ्यापेक्षा कितीतरी अधिक वसूल करी, वर वेठही घेई. सुमारे सहा वर्षे शेते ओसाड राहिली. संपकऱ्यांत आगरी शेतकऱ्यांचा मोठा भरणा होता; आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांना एका जातीचे पुढारी समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेतलेली दिसत नाही.

सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोताला भरपाई होती आणि कुळाला जमिनीवर थेट हक्क होता. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले व इतर जिल्ह्यांतले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन विधानसभेवर गेले. विधेयक मंजूर झाले नाही. चरीचा संप १९३९ च्या कूळकायद्याच्या सुमारास मिटला, आणि खोती १९४९ च्या कायद्याने गेली. तेव्हा आंबेडकर दिल्लीत देशाचे कायदेमंत्री होते.