सीताफळाच्या कुळावर एमएससी करणाऱ्या कमलताईंनी कॅन्सरच्या पेशी काचेत जगवल्या

८ नोव्हेंबर २०२१. त्या दिवशी गुगल उघडलं की सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेल्या एका बाईंचं चित्र दिसत होतं. त्या होत्या डॉ. कमल रणदिवे.

जन्म १९१७ चा, पुण्यातला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, तिचा ओढा मात्र संशोधनाकडे. १९४३ साली एमएससी झाली ती सीताफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांवर. बीडच्या ज्या सीताफळाला पुढं जीआय मानांकन मिळालं, तेच हे कुळ. कॅन्सर अजून लांब होता.

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ ला पीएचडी झाली आणि मग फेलोशिपवर त्यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांची प्रयोगशाळा गाठली.

ही साधीसुधी जागा नव्हती. माणसाच्या पेशी शरीराबाहेर काढल्या की थोड्याच दिवसांत मरायच्या. १९५१ मध्ये इथंच हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी मात्र वाढतच राहिल्या. अशा न संपणाऱ्या पेशींच्या पिढ्यांना सेल लाइन म्हणतात. हेन्रिएटाला कुणी विचारलंही नव्हतं, हेही सांगायलाच हवं.

कमलताई हे तंत्र घेऊन परतल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. पेशींना ३७ अंशांची ऊब हवी, ठरलेलं खाद्य हवं. बुरशीचा एक कण पडला की सगळी मेहनत पाण्यात.

त्यांचा भर स्तनाच्या कॅन्सरवर होता. पण हेच तंत्र आज स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठीही उपयोगी पडतं. स्वादुपिंड जठराच्या मागं दडलेलं, लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला, आणि रुग्णाची गाठ पुन्हा पुन्हा काढून तपासता येत नाही. म्हणून पँक-१, मिया पाका-२ अशा सेल लाइनवर औषधं आधी तपासली जातात. या दोन्ही १९७० च्या दशकात रुग्णांच्या गाठींपासून तयार झाल्या. अडचण एकच: खऱ्या गाठीभोवतीचं कठीण, तंतुमय आवरण बशीत नसतं. त्यामुळं बशीत चाललेलं औषध शरीरात फसू शकतं.

१९७३ मध्ये कमलताईंनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली, १९८२ ला पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या बीडशेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणावर काम करत राहिल्या. २००१ मध्ये त्या गेल्या. देशभरातल्या प्रयोगशाळांना आज सेल लाइन जातात त्या त्यांच्याच पुण्यातून, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून.