कार्ल शूर्त्झ

मी सातवीपर्यंतच शिकलेली. आपल्या बालवाडीत मदतीला जाऊ लागले तेव्हा जुन्या बालवाड्यांची माहिती वाचली. अमेरिकेतील पहिली बालवाडी मार्गारेटे शूर्त्झ या जर्मन बाईंनी १८५६ साली वॉटरटाउन गावी काढली. वाचता वाचता मी त्यांच्या यजमानांच्याच चरित्रात गुंतले.

कार्ल शूर्त्झ यांचा जन्म १८२९ साली कलोनजवळच्या लिब्लार गावी झाला. वडील शाळामास्तर. १८४८ साली जर्मनीत राजसत्तेविरुद्ध उठाव झाला, त्यात हा विद्यार्थी सामील झाला. पुढच्या वर्षी रास्टाटचा किल्ला प्रशियाच्या फौजेच्या हाती पडला, तेव्हा कार्ल गटारातून सरपटत निसटले. १८५० साली गुपचूप परत येऊन त्यांनी आपले गुरुजी किंकेल यांना श्पांडाउच्या तुरुंगातून दोरावरून उतरवून पळविले! असा शिष्य विरळाच.

१८५२ साली लंडनला लग्न करून दोघे अमेरिकेस गेली. तेथे दक्षिणेत माणसे विकली जात, आणि पळून उत्तरेत आलेल्या गुलामाला पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कायदा होता. स्वतः पळून जीव वाचविलेल्या माणसाला हे कसे पाहवणार? पण आपल्या जर्मन बांधवांना वळविणे सोपे नव्हते. गुलामगिरी पसरू न देणारा रिपब्लिकन पक्ष नवा, आणि त्यात परदेशी लोकांना पाण्यात पाहणारे, बिअर बंद करू पाहणारेही होते. जर्मन माणसाची बिअर म्हणजे आपला चहाच की! १८५९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने तर नव्या नागरिकांना दोन वर्षे मताचा हक्क नाही, असे ठरविले. म्हणून १८६० च्या शिकागो अधिवेशनात शूर्त्झ यांनी परदेशातून आलेल्यांच्या हक्कांचे कलम पक्षाच्या जाहीरनाम्यात घालण्यास हातभार लावला, आणि मग गावोगाव जर्मन भाषेत भाषणे करून लिंकनसाठी मते मागितली. सगळे जर्मन आले नाहीत, पण पुष्कळ आले. लिंकन निवडून आले.

पुढे युद्धात ते सेनापती झाले. १८६५ साली दक्षिणेत फिरून, सुटलेल्या गुलामांना मताचा हक्क हवा, असा अहवाल त्यांनी दिला. पण १८७१ साली त्याच लोकांना मारझोड करणाऱ्या टोळ्यांविरुद्ध कायदा आला, तेव्हा सिनेटर शूर्त्झ विरोधात उभे राहिले. केंद्र सरकारच्या हाती फार सत्ता जाईल, ही त्यांची भीती. मला हे मुळीच पटले नाही. १९०६ साली न्यूयॉर्कला ते वारले.

मार्गारेटेबाई त्यांच्या आधीच, १८७६ साली गेल्या. त्यांच्या बालवाडीची लहानशी इमारत वॉटरटाउनला अजून जपून ठेवलेली आहे.